चिंधी बांधलेली नळी

या, थोडं पुढे सरकून बसा. कीर्तन सुरू व्हायचंय, बुवा पेटीवर सूर धरताहेत, तोवर आपल्याच गावातली एक गोष्ट सांगतो.

नवरा गेल्यावर इंदूबाईनं सोन्याची पोत गहाण ठेवून ठिबकच्या नळ्या आणल्या. सरकारी अनुदान मिळालं की पोत सोडवायची, एवढाच तिचा विचार. पाहणीला आलेले कृषी खात्याचे साहेब वावरात फिरता फिरता एका नळीपाशी थांबले. खारीनं कुरतडलेल्या जागी तिथं हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

“ही चिंधी काल मी शेजारच्या वावरात पाहिली,” साहेब म्हणाले. “एकच ठिबक सगळ्या गावात फिरवताय होय? तुमचा अर्ज रद्द.”

इंदूबाईनं बांधावर उभ्या असलेल्या शेजारच्या बन्सीकडे पाहिलं. पाहणीपुरत्या दाखवायला त्यानंच तिच्या नळ्या उसन्या नेल्या होत्या, आणि त्याचं अनुदान कालच मंजूर झालं होतं.

बन्सीनं टोपी काढून हातात धरली. “साहेब, नळ्या वहिनींच्याच आहेत. काल तुम्ही माझ्याकडे पाहिल्या त्याही याच. खोडायचं तर माझं नाव खोडा.”

“कारवाई होईल तुमच्यावर.”

“होऊ द्या. संध्याकाळी कीर्तनात वहिनींसमोरच टाळ धरायचाय मला.”

दिवाळीआधी पोत घरी आली. बन्सी अजून पाटानंच पाणी देतो. आता टाळ वाजतील, त्यातला एक जरा मागे पडतो, तो त्याचा. देवाला हात जोडाल तेव्हा त्याची आठवण असू द्या.