रजेचा दाखला

सकाळपासून बर्फ भुरभुरत होता आणि दवाखान्यात डॉक्टरकाकांच्या जिभेला उधाण आलं होतं. समोर शाल लपेटून बसलेल्या बाई वेधशाळेत कामाला, म्हणजे तर आयत्याच सापडलेल्या.

"काय हो वेधशाळाबाई, पृथ्वी तापलीय म्हणे तुमची? जरा खिडकीबाहेर बघा, गुडघाभर बर्फ साचलाय! कुठे गेली ती तापलेली पृथ्वी? गारठून मेली की काय?"

बाकावरचे पेशंट खोकता खोकता हसले. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. तीन दिवस दुखणं अंगावर काढलं होतं. आता आजारपणाचा दाखला नेला नाही, तर साहेब रजा देणार नव्हते; आणि दाखला होता काकांच्या पेनात.

काकांनी थर्मामीटर उजेडात धरला. "एकशे तीन! अंग चांगलंच फणफणलंय की."

"ताप? काहीतरीच काय, डॉक्टर!" बाईंचे दातावर दात आपटत होते. "मी तर थंडीने काकडतेय."

 

"अहो, एवढ्या शिकलेल्या तुम्ही! आत ताप चढला, की वर हुडहुडी भरणारच," काका दाखला लिहिता लिहिता म्हणाले.