गुडघ्याचं यंत्र

“हे लावायचं कुठं?” पिराजीनं यंत्र हातात फिरवत विचारलं.

वसुमतीनं उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं. “गुडघ्याला. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात.”

बसवनगुडीहून दोन बस बदलून ती यशवंतपूरला आली होती. गांधी बाजारात पंखे-रेडिओ दुरुस्त करणारी दोन दुकानं होती, पण तिथले दोघंही तिच्या नवऱ्याला, सुधींद्ररावांना, ओळखत होते. इथं आपल्याला कोण ओळखतंय, कानडीत चार शब्द बोलायचे आणि काम करून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण पिशवीतून डबा काढताना झाकण खाली पडलं आणि तिच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं. म्हातारा पिराजी चष्म्यावरून बघत हसला. “म्हणजे आपल्यातल्याच की, अक्का!” त्याच क्षणी तिला परत फिरावंसं वाटलं.

आता तो स्क्रू काढत होता. “फॉरेनचा माल दिसतोय.”

“दीरांनी जर्मनीहून आणलंय. सासूबाईंसाठी.”

एवढं तरी खरं होतं. सासूबाई गेल्यावर हे मालिशचं यंत्र कपाटातच पडून होतं. मग वसुमतीची मान अवघडली म्हणून ते बाहेर निघालं. आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, ते मानेवरून कुठं गेलं हे तिनं स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. वय बेचाळीस, लग्नाला चोवीस वर्षं झालेली, दोन मुलं. त्या दुपारी जे झालं ते तिला जन्मात पहिल्यांदा झालं होतं. नंतर ती रडली. दुसऱ्या दिवशी तिनं देवाची भांडी दोनदा घासली. तिसऱ्या दिवशी पुन्हा कपाट उघडलं.

“मोटरचे कार्बन पार झिजलेत,” पिराजी म्हणाला. त्यानं काळे तुकडे बोटांवर धरून दाखवले. “रोज लावतात का?”

“रोज नाही.” मग तिला वाटलं, आपण नको तितक्या घाईनं बोललो. “म्हणजे... दुखेल तसं.”

“एका गुडघ्याला?”

“दोन्ही.”

तिचे कान तापले. पिराजीनं मान डोलावली आणि खण उघडून नवे कार्बन शोधू लागला. साधा प्रश्न होता, साधा माणूस होता. वसुमती भिंतीवरच्या बंद पंख्याकडे बघत राहिली.

“वसुमती? तू इकडं कुठं गं?”

दारात सगुणाबाई उभ्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या, सासूबाईंच्या भजनातल्या. हातात भाजीची पिशवी. “मुलीकडं आले होते. तिचं घर इथं मागंच आहे. तू एवढ्या लांब?”

“इस्त्री,” वसुमती म्हणाली. “इस्त्री बिघडलीय.”

टेबलावर यंत्र तुकडे तुकडे होऊन पडलं होतं. सगुणाबाईंनी तिकडं नुसती नजर टाकली. त्यांना काही कळलं नाही. पिराजीचा हात मात्र थांबला.

“बरं झालं भेटलीस,” त्या म्हणाल्या. “परवा वर्षश्राद्धाला गर्दीत बोलणंच झालं नाही. सासूबाईंचं सगळं किती मनापासून केलंस! बघता बघता वर्ष झालं की गं. गुडघ्यांनी फार हाल काढले बिचारीनं. सुटली.”

वसुमतीनं “हो” म्हटलं.

सगुणाबाई आणखी थोडं बोलल्या, एकदा घरी ये म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज रस्त्यात मिसळला.

माझी मान दुखते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी काही विचारलं नसतं. पण तेवढंसुद्धा आपल्या अंगाचं नाव घेववलं नाही, आणि मेलेल्या बाईचे गुडघे पुढं केले. वसुमतीला वाटलं, यंत्र आहे तिथं तसंच टाकावं आणि पळून जावं. पण पळून गेलं तर म्हातारा जे समजायचं ते नक्कीच समजेल, आणि यंत्रही जाईल. हे दुसरं आपल्या मनात आलं, याची तिला पहिल्याहून जास्त लाज वाटली.

पिराजीनं कार्बन बसवले. झाकण लावलं, स्क्रू एकेक करून पिळले. वायर जोडून बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं. एवढ्याशा दुकानात तो आवाज तिला भयंकर मोठा वाटला, सगळ्या रस्त्याला ऐकू जावा इतका. तिनं डोळे मिटून घेतले.

आवाज थांबला. पिराजीनं यंत्र फडक्यानं पुसलं, डब्यात ठेवलं. डब्यावर वर्तमानपत्र गुंडाळलं, त्यावर सुतळी बांधली. आत काय आहे ते बाहेरून कुणाला ओळखू आलं नसतं. तिनं पैसे टेबलावर ठेवले आणि हात पुढं केला. त्यानं डबा लगेच दिला नाही.

“अक्का,” तो म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता, सुतळीची गाठ बघत होता. “सासूबाईंना सांगा, एका वेळी दहा मिनिटंच. मग स्वल्प थांबायचं, निवू द्यायचं. असं चालवलं तर पुष्कळ वर्षं टिकेल.”

त्यानं डबा पुढं केला. वसुमतीनं तो दोन्ही हातांनी घेतला.

“सांगते,” ती म्हणाली.