सुओना आणि ट्रॉम्बोनचं भांडण

"अजून वाद्यंच लावतायत का रे?" येन शूरोंगने नवऱ्याच्या कानात विचारलं.

"कधीचं सुरू झालंय," लाओ थाओ पुटपुटला. "हेच ते."

मंचावर एक माणूस पियानोच्या पोटात हात घालून तारा खाजवत होता. चेलोवाली गजाच्या लाकडी बाजूने तारांवर टकटक करत होती. एकजण शेंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य तोंडाशी धरून त्यात नुसताच श्वास सोडत होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध त्यांची लेक लानलान आपली सुओना, पितळी तोंडाची ती सनई, मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती.

शूरोंग असल्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आली होती. लेकीने कधी बोलावलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. पोरगी वाद्यवृंदातली पक्की नोकरी सोडून भांडी आपटणाऱ्यांत गेली, एवढंच ती शेजारणींना सांगायची. या खेपेला मात्र लानलानने स्वतःहून फोन केला होता. "आई, बाबांना घेऊन ये. फक्त मध्ये बोलायचं नाही हं. टाळ्या नाहीत, आणि सूर्यफुलाच्या बिया तर मुळीच फोडायच्या नाहीत."

म्हणून शूरोंग पर्स पोटाशी धरून ताठ बसली होती. आजूबाजूची मंडळी कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून ऐकत होती. तिनेही थोडा वेळ डोळे मिटून पाहिले. आपल्यापायी पोरीची मान खाली जायला नको.

लानलान उठली. तिच्यासमोर ट्रॉम्बोन घेतलेला एक धिप्पाड गडी येऊन उभा राहिला. बाकीची वाद्यं गप्प झाली.

सुओनाने एक लांब, तिरका सूर काढला आणि शेवटाला त्याचं टोक वर उचललं. ट्रॉम्बोनची नळी खाली घसरली. ऊंऽऽ. सुओना पुन्हा वाजली, आता भरभर, तुकड्यातुकड्याने.

शूरोंगने कान टवकारले. त्यांच्या चेंगदू शहराच्या बोलीत शब्दाचा निम्मा अर्थ सुरातच असतो, आणि हे सूर तिच्या रोजच्या ओळखीचे होते. शब्द एकही नव्हता, पण वाक्य लख्ख कळत होतं: कुठे उलथला होतास इतका वेळ?

ऊंऽऽ.

भात गार झाला. भाजी गार झाली. एक दिवस मी पण गार होईन, मग बस माझी वाट बघत.

नवऱ्याला बोलताना 'मग'च्या आधी शूरोंग स्वतः नाक ओढायची, तेसुद्धा पोरीने सोडलं नव्हतं. शूरोंगचे कान तापले. चारचौघांत, भर सभागृहात! तिने नवऱ्याकडे पाहिलं. ट्रॉम्बोन कसलीशी लांबलचक, मऊ सबब सांगत होता आणि लाओ थाओ छताकडे बघत होता.

"हा मी आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.

तिला हसू आलं. तिने ओठ आवळले, पर्स तोंडावर दाबली, पण आतून उसळलेलं कुठे थांबतंय. ती हसली, आणि भाजीबाजारात हसावं तशी खदखदून हसली. पार शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं.

माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने "शूऽऽ" केलं. मंचावर सुओना थांबली. लानलान दिव्यांच्या झोतातून डोळे बारीक करून इकडेच पाहत होती.

शूरोंगने तोंडावरची पर्स खाली घेतली. घातलाच शेवटी घोळ. आणि घाबरली की ती नेहमी जे करायची, तेच तिने आताही केलं. ती बोलली.

"थांबलीस कशाला? विचार की त्याला, चिखलाच्या चपला कुठे सोडल्यास म्हणून!"

मग लानलानने सुओना ओठांना लावली, आणि तेच वाक्य, त्याच ठसक्यात, पितळेतून खणखणीत बाहेर पडलं. ट्रॉम्बोनवाल्याने खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं आणि असा काही केविलवाणा सूर काढला की "शूऽऽ" करणारा गृहस्थच आधी फुटला. त्याच्यामागून सगळं सभागृह. शेंग शेजारणींसारखी मध्येच कुजबुजू लागली, चेलोने दारं आपटली, पियानोतून कसलीतरी भांडी गडगडली. लानलान वाजवता वाजवता इतकी हसू लागली की तिच्या गालांत हवाच राहीना. तिने सुओना खाली घेतली आणि गुडघ्यांवर हात टेकून हसत राहिली. तोवर ट्रॉम्बोनवाल्याने तिच्या वाटणीचं भांडणसुद्धा एकट्याने रेटलं.

कार्यक्रम संपल्यावर संगीत रचणारा वू थोंग गर्दीतून वाट काढत आला. सडपातळ पोरगा, डोळे पाणावलेले.

"मावशी, कुठे कुठे जाऊन वाजवलंय आम्ही हे. मी ते लोकांनी हसावं म्हणूनच लिहिलं होतं. आजवर एक माणूस हसला नाही. नंतर येऊन विचारतात, हे एकटेपणाविषयी आहे का?"

त्याच्या मागे लानलान उभी होती. ओठांवर सुओनाचा लाल वळ उमटला होता.

"आई, रागावलीस?"

शूरोंगने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग काय करू? भांडताना एवढ्यावर थांबते का मी? अजून तुझ्या आत्याचा विषयसुद्धा निघाला नव्हता."

वू थोंग घाईघाईने खिशात पेन्सिल शोधू लागला.