लाल मखमलीची जोडी

सहाव्या जोडीत तिने कांबळ्याचा तुकडा घातलाच नाही.

बाकीच्या पाच जोड्यांत जुन्या कांबळ्याचे दोन-दोन थर होते. गरम भांडं उतरवायची फडकी ती, उरल्यासुरल्या कापडाची, हाताने शिवलेली. वर्षअखेरीची सुट्टी लागली की शेजारच्या दारांना अशी साधीच काहीतरी भेट द्यायची, हा तिचा नेम. तो तिने कधी मोडला नव्हता.

सहावी जोडी तळमजल्यावरच्या कारकूनकाकांची. वरून लाल मखमल, कडेला सोनेरी गोट, आत नुसतं पातळ अस्तर. देखणी वस्तू माणूस आधी हाती घेतो, हे तिला शिवणकामानेच शिकवलं होतं. काका रोज सकाळी अंघोळीचं पाणी मोठ्या पातेल्यात उकळत आणि दोन्ही हातांनी उतरवत.

उन्हाळ्यात घरमालकाने तिचं शिलाई मशीन बंद पाडलं. खडखडाटाने झोप लागत नाही, असा अर्ज आला होता. खाली सही नव्हती. पण ते वेलबुट्टीसारखं अक्षर सगळ्या इमारतीला पाठ होतं. नळाच्या तक्रारीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत अर्ज लिहावेत ते काकांनीच. नणंदेने तर कागद पाहताक्षणी सांगितलं होतं, "काकाच. दुसरं कोण?"

मशीन गेलं, चाळीस गणवेशांचं काम गेलं, गिऱ्हाइकं पांगली. नवऱ्याच्या मागे घरात नणंद-भावजय दोघीच. मशीनची खिडकीजवळची जागा ओकीबोकी दिसायला लागली, तसा नणंदेने आपला पलंग तिथे हलवला. रिकामी जागा खायला उठते म्हणाली.

"इतकी देखणी त्या म्हाताऱ्याला?" नणंदेने मखमलीवरून बोट फिरवलं. "आणि मला ही हिरवी, पडद्याच्या कापडाची. वा गं वहिनी. घरच्याला चिंधी आणि वैऱ्याला मखमल."

"वैऱ्याला गोडीनेच मारावं, वन्सं."

"तुझं मन मोठं, बाई. पण तू खाली जाऊ नकोस. सणक डोक्यात जाईल त्याचं तोंड बघून. मीच वाटून येते."

तिने टोपली पुढे केली. कित्येक महिन्यांनी तिला शांत झोप लागली.

सकाळी देवाला हात जोडून ती दाराशी कान देऊन बसली. खालून किंकाळी काही आली नाही. जिन्यावर पावलं वाजली आणि काकाच दारात उभे राहिले. दोन्ही हात धडधाकट. हातात हिरवी जोडी.

"आभार मानायला आलो. काय जाड शिवलंय हो. चटका म्हणून लागला नाही."

ती ताडकन उठली. "तुमची लाल होती. लाल कुठाय?"

"ती नणंदबाईंनी स्वतःला ठेवली. म्हणाल्या, तुम्हाला मखमल घेऊन काय करायचंय." काका हसले. "खरंच आहे ते."

आत स्वयंपाकघरात नणंदेचं अंघोळीचं पाणी खदखदत होतं. ती हाक मारायला वळली, तोच काकांनी आवाज खाली आणला.

"एक मनात सलतंय. कुणाचा अर्ज कुणाला सांगायचा नाही, हा माझा धर्म. पण तुमची भेट हातात आली आणि राहवेना. तो मशीनचा अर्ज लिहिताना मी नणंदबाईंना म्हटलं होतं, घरातल्या घरात मिटवा, सख्ख्या भावजयीच्या पोटावर पाय कशाला देता? तर म्हणाल्या, मला खिडकीपाशी पलंग टाकायचाय, तुम्ही लिहा."

पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं.

"वहिनी," आतून नणंदेचा आवाज आला, "पाणी उकळलं गं. उतरवू का?"

तिने काकांसाठी खुर्ची पुढे ओढली.

"उतरवा ना, वन्सं," ती म्हणाली. "ती नवी लाल जोडी घ्या. आणि दोन्ही हातांनी घट्ट धरा."