पाचशे दारुडे आणि एक वाकडी टोपली

२०१३ साली घानातल्या बोलगाटांगात टोपल्या विणणाऱ्या अयिनपोका आत्याची वेबसाइट इंटरनेटवर शोधणाऱ्याला नवव्या पानावर सापडायची. गिऱ्हाईक मिळेना, पुन्हा दलालाच्या दारात जायची वेळ आली. भाच्याने पैसे देऊन पाचशे भलत्यासलत्या वेबसाइट्सवर तिची लिंक लावली, तर ती आणखीच मागे गेली. “पिटोच्या गुत्त्यातल्या पाचशे दारुड्यांनी पोरगी चांगली म्हटलं म्हणून लग्न जमतं का रे?” आत्याने खुंटीवरची वेडीवाकडी टोपली काढली. सत्तावीस वर्षांपूर्वी राजधानी आक्राच्या एका विद्यार्थिनीने इथे शिकताना विणलेली. “ती आता संग्रहालय चालवते. फोटो पाठव तिला. म्हणावं, जपून ठेवलीय.” त्या बाईंनी संग्रहालयाच्या वेबसाइटवर ती हकिगत लिहिली, खाली आत्याची लिंक दिली. बाजरीच्या पेरणीआधी आत्या पहिल्या पानावर, सर्वांत वर. दलालच दारात आला. आज आत्या नाही, बाई निवृत्त झाल्या. वाकडी टोपली मात्र भाचा कुणालाच विकत नाही.