पांढरीफटक

तापाने शुद्ध हरपलेल्या चंदाला दिवाळे गावाहून होडीत घालून पनवेलच्या दवाखान्यात आणलं. सासू धोंडूबाई उशाशी बसली. तीन वर्षं ती या सुनेला आळशी म्हणत आली होती. डॉक्टरांनी चंदाच्या हिरड्या, तळहात निरखले. “रक्तदाब पार उतरलाय. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा रोग वाटतो, पण त्यात कातडी काळवंडते. ही तर पांढरीफटक.” मग त्यांनी तीन वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचं विचारलं. “लई रगत गेलं व्हतं,” धोंडूबाई म्हणाली. “पान्हा फुटलाच नाय. पोर शेजारनीनं पाजली.” डॉक्टर थबकले. “मग काळवंडणार कशी? तेव्हाच मेंदूखालची ग्रंथी सुकली. तिच्या हुकमाशिवाय बाकीच्या चालत नाहीत; कातडी काळवंडत नाही, अंगात त्राणही राहत नाही.” त्यांनी त्या ग्रंथींच्या रसाचं, कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी चंदाने डोळे उघडले. सासू दिसताच ती कोपर टेकून उठू लागली. “उठतंय, आय. रागावू नको.” धोंडूबाईने तिला परत निजवलं आणि खांद्यावरचा हात काढलाच नाही.