छाप सरकलेलं नाणं

आरतीचं ताट जवळ आलं, तसं दाभाडकरांनी पाचशेची नोट काढली.

"अहो, नवस काय बोलला होतात?" कडेवरच्या नातीला सावरत बायको कुजबुजली. "पोर दवाखान्यातून घरी येऊ दे, संग्रहातलं सगळ्यात लाडकं नाणं वाहीन!"

"त्यावर दोनच रुपये छापलेत. पाचशेत देवाचाच फायदा."

तेवढ्यात नात खोकली. टांकसाळीतच छाप सरकलेलं, दुसरं न सापडणारं ते नाणं दाभाडकरांनी घाईघाईने खिशातून काढून ताटात ठेवलं.

पुजाऱ्याने ते लगेच परत केलं. "काका, देवाला तरी खोटं नाणं नको!"

सुटलो! दाभाडकर बायकोकडे बघून हसले. ती हसली नाही.

त्यांनी नाणं दानपेटीच्या फटीत सोडलं. आतून दोन रुपयांचाच आवाज आला.